चार नंबरचा हँडल ओढलाच नाही

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या खारबावच्या घरी अंगात येणारी एक आत्या होती, नारळ फिरवणारा एक भगत होता, आणि मी लहानपणापासून दोघांच्या तोंडावर हसत आलो. आजही हसेन... म्हणजे हसण्याइतकी ताकद उरली असेल तर. वीस-बावीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढलेला माणूस दमतो, त्यात विशेष काही नाही. या सदरात लोक झपाटलेले बंगले आणि पांढऱ्या साड्या लिहितात, तेव्हा मी पान उलटतो. माझं लिखाण वाचून तुम्हीही खुशाल उलटा. पण तीन वर्षं झाली, ही गोष्ट काही डोक्यातून जात नाही, म्हणून एकदाची लिहून टाकतो.

आमचा कारखाना भिवंडीत, नारपोलीला. चोवीस लूम, पुढे कारखाना आणि मागे भिंतीला भिंत लागून आमचं घर. मी, माझी बायको, दादा आणि वहिनी. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. शेती गेली, जमिनीचे तुकडे झाले, तेव्हा त्यानेच हा व्यवसाय उभा केला आणि मला त्यात ओढला. लूमचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. आम्ही घरात जेवायला बसलो तरी ताटातली वाटी थरथरायची. आमच्याकडे माणसं आवाजाने जागी होत नाहीत, आवाज थांबला की होतात.

माझी पळवाट म्हणजे पेंडसे सर. इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवायचे, जुने भिवंडीकर. त्यांच्या दिवाणखान्यात भारताचा नकाशा होता आणि त्यावर हिरव्या टिकल्या चिकटवलेल्या. देशातली सगळी राष्ट्रीय उद्यानं बघून संपवायची, असा त्यांचा पण. बघितलेल्या टिकलीवर ते लाल पेनाने फुली मारायचे, मुलांची वही तपासावी तशी. दर मे महिन्यात सर, त्यांची बायको आणि मी. माझ्या बायकोला जंगलात काय ठेवलंय ते कधी कळलं नाही, ती माहेरी जायची. बोरिवलीचं उद्यान पहिलं, कारण ते जवळ. मग ताडोबा, गीर, पेरियार. सरांना पक्षी बघायचे असत, बाईंना फोटो काढायचे असत. मला काहीच नको असायचं. गाडी बंद करून अर्धा तास कुणी बोललं नाही की माझे पैसे वसूल. फक्त एकदा वाघ दिसावा एवढं वाटायचं, आणि तो कधी दिसला नव्हता.

दादा कधी आला नाही. दोघांतला एक कारखान्यात पाहिजेच, आणि तो एक म्हणजे दादा, हे कुणी ठरवलं होतं कुणास ठाऊक. "तू जा रं, मी हाय ना," एवढंच तो म्हणायचा. परत आलो की मात्र रात्री जेवताना खोदून खोदून विचारायचा. रस्ता कसा, पाणी कुठं, झाडं कुठली, वाघ दिसला का. नाही म्हटलं की त्याचाच चेहरा पडायचा.

हे सगळं २००६ च्या मे महिन्यातलं. कान्हाला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होतो. दादा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाला, या टायमाला मी पन येऊ का रं?"

मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "आणि कारखाना कोण बघंल?"

"हां... ते पन हाय," तो म्हणाला आणि गेला.

माझं ते वाक्य मी इथे लिहिलंय ते मुद्दाम. मला लाज वाटते त्याची. तिकीट मिळालं असतं, रफिकभाई नावाचा आमचा जुना कारीगर होता, त्याने आठवडाभर सगळं सांभाळलं असतं. पण मला ते आठ दिवस माझे एकट्याचे हवे होते.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळात भिवंडीत लोडशेडिंग होतं. आमच्या भागात सकाळी पाचला लाइट जायची ती आठला यायची. लाइट गेली की कारीगराने आपल्या लूमचा हँडल खाली ओढून तो बंद करायचा असतो. पण कारीगराला विणलेल्या कापडाच्या मीटरवर पैसे मिळतात. तो हँडल तसाच वर ठेवून चहाला, झोपायला निघून जातो, म्हणजे लाइट आली की लूम आपोआप सुरू, तो पळत येईपर्यंत दोन वीत कापड विणून तयार. अख्खी भिवंडी हेच करते. यात बोटं गेलेली माणसं आम्ही बघितली आहेत. दादा कारीगरांना रोज शिव्या घालायचा, ते रोज "हाँ सेठ" म्हणायचे आणि रोज तसेच जायचे. मग दादाच सकाळी पावणेसातच्या सुमारास आंघोळ करून कारखान्यात जायचा आणि एकेक हँडल ओढत चोवीस लूम बंद करायचा.

मी भिंतीपलीकडे अंथरुणात असायचो. लाइट नसल्याने सगळं चिडीचूप. दादाच्या स्लीपरची फटक-फटक, मग हँडलचं "घर्र... खट्". पुन्हा फटक-फटक, पुन्हा घर्र-खट्. माझा तो गजर होता. मी पडल्या पडल्या मोजायचो आणि चोवीसला उठायचो. किती वर्षं मोजलं, सांगता येणार नाही.

कान्हातली आमची दुसरी सकाळ. उघड्या जिप्सीत पुढे ड्रायव्हर आणि गाईड, मागे आम्ही तिघं. ऊन नुकतंच चढायला लागलेलं. एका तळ्याच्या काठाला, मोठ्या गवताळ मैदानाच्या कडेला गाईडने गाडी बंद करायला लावली. मातीत पावलांचे ठसे होते, ताजे. "यहीं कहीं है," तो कुजबुजला. सर दुर्बीण लावून बसले. आवाज कसला म्हणून नाही. मी डोळे मिटले, मागे टेकलो.

आणि मला स्लीपर ऐकू आली.

फटक, फटक. घर्र... खट्.

मला वाटलं, कान वाजतायत. लूमवाल्यांचे कान वाजतातच. पण कान वाजतात ते शिट्टीसारखे, त्यात चाल नसते. इथे चाल होती. दादाचा डावा पाय जरा घासत पडतो, तसाच तो पडत होता. दुसऱ्यांदा, घर्र... खट्. मी डोळे उघडले. समोर गवत, तळं, काठावर दोन बगळे. तिसऱ्यांदा, घर्र... खट्.

"सर, ऐकलंत?" मी विचारलं.

"सुतार पक्षी," सर दुर्बीण न काढता म्हणाले.

सुतार पक्षी स्लीपर घालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी चौथ्याची वाट बघत होतो. तीनवरून चारवर जायला चार पावलं लागतात. फटक, फटक, फटक... आणि काहीतरी जड पडल्यासारखं झालं. मग काही नाही.

मी मोजत राहिलो. चौथा खट् आला नाही.

तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. मीही स्वतःला तेच म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझा एक पाय गाडीच्या बाहेर होता. उठलो कधी ते मला कळलं नाही. गाईडने माझी कॉलर पकडून आत ओढलं. "भाईसाहब, मरना है क्या? पैर के निशान नहीं देखे?"

"गाडी फिरवा," मी म्हटलं. "मला फोन करायचाय. घरी."

"पाटील, अहो काय बोलताय?" सर आता वळले. "ठसे बघा! वाघ इथेच आहे. आणि इथून तुम्ही फोन कसा करणार?"

"गेटवर. सर, माझा दादा पडलाय."

"कुणी सांगितलं?"

काय सांगणार, हँडल ओढला नाही म्हणून? तेवढ्यात तळ्यापलीकडून चितळाचा धोक्याचा आवाज आला, मग झाडावरून वानरं ओरडायला लागली. म्हणजे वाघ उठला होता, चालायला लागला होता. बाईंनी कॅमेरा उचलला. अशा वेळी परत चला म्हणणारा माणूस किती नालायक वाटत असेल, मला कळत होतं हो. पण माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. तीन लूम बंद झाले. एकवीस चालू आहेत. आठला लाइट येणार. आणि दादा त्या एकविसांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मी रडायला लागलो. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, भर जंगलात, तोंडावर हात न घेता. गाईड माझ्याकडे बघत राहिला, मग ड्रायव्हरला म्हणाला, "मोड़ ले." आम्ही वळलो तेव्हा समोरून दुसरी जिप्सी आली आणि आमच्या जागेवर जाऊन उभी राहिली. सर गेटपर्यंत मान वळवून मागेच बघत होते.

मोबाईलला रेंज नव्हती. गेटबाहेर चहाच्या टपरीवर रुपयाचं नाणं टाकायचा लाल फोन होता. घड्याळात सात चाळीस. आठ-दहा वेळा रिंग वाजून वहिनीने उचलला.

"वहिनी, दादा कुठाय?"

"असतील की पुढं. न्हायतर गेले असतील चहाला. का हो भावजी?"

"कारखान्यात जाऊन बघ. आत्ता."

"नळाला पानी आलंय भावजी, दोन हंडे भरते आन मंग..."

"वहिनी!" मी इतका ओरडलो की टपरीवाल्याच्या हातातली गाळणी पडली. "पाणी जाऊ दे गटारात! चार नंबरपाशी बघ. आधी मेन स्विच बंद कर, मग बघ!"

पलीकडून फोन ठेवला गेला. मी नाण्यावर नाणं टाकून पुन्हा लावत राहिलो. कुणी उचलत नव्हतं. सात पन्नास. सात पंचावन्न. मग आठ वाजले, आणि आठ वाजता मी त्या फोनच्या डबड्यावर डोकं टेकवून उभा होतो. देवाचं नाव घ्यायची सवय नाही, त्यामुळे कुणाचं घ्यावं तेही सुचेना.

सव्वाआठला रफिकभाईने उचलला. "सेठ ज़िंदा हैं," हे त्याचे पहिले शब्द.

झालं होतं ते असं. दादाने शुगरची गोळी घेतली होती आणि चहा प्यायचा राहिला होता. तीन लूम बंद केले, चौथ्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. तो चार नंबरच्या कापडावर पालथा पडला, उजवा हात आणि डोकं फणीच्या जड लाकडाखाली. लूम चालू झाला की तेच लाकूड पुढेमागे आपटत असतं. वहिनी बिनखिडक्यांच्या कारखान्यात अंधारात चाचपडत आत गेली आणि त्याला तसा बघून तिने जी बोंब मारली ती कारीगरांच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेली. रफिकभाई आणि आणखी दोघं धावत आले, त्याला ओढून लूममधल्या वाटेत आडवा केला. मेन स्विच बंद करायचं तिला सुचलंच नाही. आणि लाइट त्या दिवशी चार-पाच मिनिटं आधीच आली. दादा जमिनीवर, वहिनी त्याच्या तोंडात साखर कोंबतेय, आणि चार नंबरपासून पुढचे एकवीस लूम एकदम सुरू झाले.

मी त्याच दुपारी जबलपूरची गाडी पकडली. सर आणि बाई तिथेच राहिले, त्यांचे चार दिवस बाकी होते. सरांनी निरोपाला हात हलवला, पण बघितलं दुसरीकडेच.

घरी पोचलो तेव्हा दादा हॉस्पिटलमधून येऊन खाटेवर बसला होता, कपाळाला पट्टी. मी काय ऐकलं ते त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि "हं" म्हणाला. दादाचं हे असंच. मी त्याचे पाय धरले. त्याने पाय ओढून घेतले आणि वहिनीला मला जेवायला वाढायला सांगितलं.

इथवरचं मी एकवेळ गिळलं असतं. मनात अपराधी भावना होती, दादाला सोडून आलो होतो, त्यातून भास झाला, आणि भास नेमका खरा ठरला. योगायोग. अवघड आहे, पण माणूस अवघड योगायोग गिळतो. पुढचं गिळता येत नाही.

आठवड्याने पेंडसे सर दादाला बघायला आले. मोसंबी घेऊन. राग उतरला होता, पण हळहळ उतरली नव्हती. चहा पिता पिता म्हणाले, "पाटील, तुम्ही योग्यच केलंत. पण काय हुकलं ते ऐकाच. ती दुसरी जिप्सी आली ना, त्यांना दिसलं सगळं. त्यांनी लॉजवर जेवताना सांगितलं. वाघीण होती. गवतातून बाहेर आली, आणि मागे तीन पिल्लं..."

"चार," दादा खाटेवरून म्हणाला.

सर हसले. "नाही हो, तीन. ते लोक तिथे होते."

"चार व्हती. तीन तिच्या मागं पान्याव आली. चवथा गवतातच बसला व्हता, डाव्या अंगाला, नुसते कान दिसत व्हते. ती पानी प्यायली, मग मागं वळून त्याच्याकडं बगितलं. दोन बगळे व्हते, ते उडाले."

भिंतीपलीकडे लूम चालू होते. बगळ्यांचं मी दादाला सांगितलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"दादा, तुला कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सांगंल कोन? मी बगितलं." त्याला माझ्या विचारण्याचंच नवल वाटत होतं. "अंधारी आली, आन मी गाडीत बसलेलो. तुज्या जागेव. पुढं एक मानूस हिरव्या कपड्यातला. गार वारं व्हतं. मग ही ओरडली आन तोंडात साखर."

सर चहा अर्धा टाकून उठले. शुगर कमी झाली की मेंदू काहीही दाखवतो, असं मला दारात म्हणाले. मीही मान डोलावली. मला तेच खरं हवं होतं.

पावसाळा लागल्यावर एक दिवस सर छत्री झटकत आले. बसले नाहीत. दुसऱ्या जिप्सीतल्या लोकांनी पोस्टाने फोटो पाठवला होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला. तळं, वाघीण, तीन पिल्लं. "डावीकडे बघा," सर म्हणाले, "मी भिंग लावून बघितलं." भिंगाची गरज नव्हती. गवतात, वाघिणीच्या बरंच मागे, दोन गोल कान होते. फोटो काढणाऱ्यालाही ते दिसले नव्हते. सरांनी पुन्हा छत्री उघडली. भूगोलाचा मास्तर, पंचवीस वर्षं कारणं शिकवलेली. फोटो माझ्याकडेच ठेवून गेले.

मी तो दादाला दाखवला. त्याने हात लांब करून बघितला, "हां, हाच," म्हणाला आणि परत दिला. त्याला आश्चर्य वाटलं नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरला विचारलं. सर कुठल्या कुठल्या पुस्तकांत शोधत बसले. खारबावचा भगत अजून आहे, शेवटी त्यालाही विचारलं, तर त्याने नारळच मागितला. एक माणूस जंगलात बसून कारखाना ऐकतो आणि दुसरा कारखान्यात पडून जंगल बघतो, हे कसं होतं ते मला माहीत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही लूम काढून टाकले. दादाला म्हटलं, आता कारखाना नाही, चल, या वर्षी तू चल, मी हात जोडतो. तो आला नाही. "मी बगितलाय," म्हणाला. "तू जा, तुजा राहिलाय."

मी जातो. सरांच्या नकाशावर फुल्या वाढतायत. बांधवगड झालं, रणथंबोर झालं, आणि मेमध्ये बंद असतं म्हणून यंदा एप्रिलमध्येच काझीरंगा. वाघ मला आजपर्यंत दिसलेला नाही. आमच्या आधीच्या गाडीला दिसतो, नंतरच्या गाडीला दिसतो.

काझीरंगाहून परत आलो, दारात चपला काढतोय तोच दादाने विचारलं, "दिसला?"

"नाय," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातली बॅग घेतली, खाटेवर जागा करून दिली. "बस," म्हणाला. "मी सांगतो." आणि कान्हाच्या त्या गवतापासून सांगायला लागला.